शब्दांविना केलेला सराव भाषेपर्यंत कितपत पोहोचतो?

विचारलेल्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला एका आईचा: मुलगा पाच वर्षांचा आहे, सांगितलेलं सगळं कळतं, पण वाक्यं अजून दोन-तीन शब्दांचीच. तालवाद्याचा वर्ग, संगणकावरचे स्मरणशक्तीचे खेळ आणि जिभेचे व्यायाम यांपैकी कशाने त्याची भाषा लवकर पुढे सरकेल? दुसरा एका मुलीचा: वडिलांना पक्षाघात झाल्यापासून स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण जुनं गाणं मात्र अख्खं म्हणतात. मग गाण्यातूनच त्यांचं बोलणं परत आणता येईल का? दोघींची शंका मुळात एकच आहे: ज्या सरावात शब्द नाहीत, तो मेंदूतल्या भाषेवर काम करतो का?

करतो, पण सरसकट नाही. वाचा-भाषा उपचारांचं काम करताना आणि या विषयावरचं संशोधन वाचताना मला पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की बिनशब्दांचा सराव भाषेला तेवढाच उपयोगी पडतो, जेवढी मेंदूतली यंत्रणा त्या दोघांत सामाईक असते. ठोक्याचं भान, क्रम लावणं, एका कृतीच्या पोटात दुसरी बसवणं, आवाजातला बारीक फरक ओळखणं या गोष्टी भाषेला रोज लागतात आणि त्यांचा सराव शब्दांशिवायही होऊ शकतो. तिथे फायदा मिळण्याची शक्यता खरी आहे. ‘मेंदूला एकूणच व्यायाम झाला की भाषाही आपोआप सुधारते’ ही समजूत मात्र प्रयोगांत टिकलेली नाही, आणि पालकांचा पैसा सगळ्यात जास्त याच समजुतीपायी जातो.

आधी भाषा मेंदूत असते कुठे ते पाहू. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्या माणसाला कित्येक वर्षं ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येत होता, आणि इजा होती कपाळामागे डाव्या बाजूला. १८७४ मध्ये कार्ल वर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले: बोलणं ओघवतं, पण ऐकलेलं समजत नाही. त्यांची इजा डाव्या कानाच्या वर, जरा मागे. बऱ्याच पाठ्यपुस्तकांतलं चित्र अजून इथेच थांबलेलं आहे, बोलण्याचा एक ठिपका आणि समजण्याचा दुसरा. प्रत्यक्षात डाव्या गोलार्धात कपाळापासून कानामागेपर्यंत पसरलेलं एक जाळं आहे. त्याला मदत करणारे भाग आणखी बरेच: आवाजाचं पृथक्करण करणारा श्रवणभाग, ओठ-जीभ-स्वरयंत्र चालवणारे भाग, लक्ष टिकवणारी जाळी, वेळ सांभाळणारा लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातली बेसल गँग्लिया ही केंद्रं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा बराचसा उलगडा त्यातच आहे. मधलं जाळं आणि त्याचे मदतनीस यांची वागणूक सारखी नाही.

मधलं जाळं कमालीचं एकलकोंडं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील एव्हलिना फेदोरेन्को यांच्या गटाने वर्षानुवर्षं एकेका माणसाचं भाषेचं जाळं आधी नकाशावर आणून मग त्याला इतर कामं दिली. गणित, संगीत, संगणकाचा प्रोग्रॅम वाचणं अशा कामांत हे जाळं जवळजवळ गप्पच राहतं. रुग्णही तेच सांगतात. रोझमेरी वार्ली यांनी २००५ मध्ये अशा तीन पुरुषांचा अभ्यास मांडला ज्यांचं व्याकरण मेंदूतील इजेमुळे कोसळलं होतं. ‘माणसाने सिंहाला मारलं’ आणि ‘सिंहाने माणसाला मारलं’ या धाटणीच्या वाक्यांत कोणी कोणाला मारलं हे ज्यांना ठरवता येत नव्हतं, ते कंसांची गणितं सोडवत होते. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांचं उदाहरण याहून जुनं. १९५० च्या दशकात दोन वेळा पक्षाघात झाला, बोलणं आणि समजणं दोन्ही गेलं, आणि तरीही त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. मज्जामानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९६५ मध्ये ही हकिकत शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली.

मग संगीत किंवा हातकामाचा भाषेवर परिणाम होईलच कसा, असं इथे कोणीही विचारेल. त्यातच २००१ मध्ये बर्कहार्ड मेस, श्टेफान कोल्श आणि सहकाऱ्यांनी उलट दिसणारा निष्कर्ष मांडला होता: सुरावटीत मध्येच न शोभणारा स्वरमेळ आला की ब्रोका भागात, म्हणजे ब्रोका यांनी दाखवलेल्या कपाळामागच्या जागेत, प्रतिसाद उमटतो. मला या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा झगडा दिसत नाही. ब्रोका भाग म्हणजे एकजिनसी गोळा नाही. २०१२ मध्ये फेदोरेन्को यांच्याच गटाने दाखवलं की त्या परिसरात केवळ भाषेला प्रतिसाद देणारे तुकडे आहेत आणि त्यांना खेटूनच कुठल्याही अवघड कामाला जागे होणारे तुकडेही आहेत. अनपेक्षित स्वरमेळ दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांना हलवत असेल, तर दोन्ही निष्कर्ष खरे ठरतात. अनिरुद्ध पटेल यांनी २००३ मध्ये सुचवलेली मांडणी मला कामाची वाटते: शब्दांचं आणि स्वरांचं साठवलेलं ज्ञान वेगवेगळं, पण ते जुळवताना लागणारी प्रक्रिया काही प्रमाणात सामाईक. म्हणजे सरावाचा फायदा ज्ञानात शोधायचा नाही, जुळवणीत आणि मदतनिसांत शोधायचा.

या दृष्टीने मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला फ्रान्समधल्या ल्याँ इथला प्रयोग. सिमॉन तिबो, क्लाउडिओ ब्रोझोली, वेरोनिक बुलाँजे आणि सहकाऱ्यांनी तो केला. त्यांनी लोकांना ३० सेंटिमीटर लांबीचा चिमटा दिला आणि त्याने बारीक खुंट्या भोकांत बसवायला लावल्या. त्याच लोकांना स्कॅनरमध्ये गुंतागुंतीची वाक्यंही वाचायला दिली, ज्यात एका वाक्याच्या पोटात दुसरं असतं आणि पोटातल्या वाक्याचा कर्ता वेगळा असतो. ‘ज्या शिक्षिकेला तो मुलगा ओळखतो ती शिक्षिका पत्र लिहिते’ अशा बांधणीची वाक्यं समजा. (मराठीत ‘ला’ प्रत्यय आपल्याला आयती खूण देतो. फ्रेंचमध्ये नामाला असा प्रत्यय नाही, त्यामुळे तिथे वाचकाची जास्त दमछाक होते.) दोन्ही कामांत बेसल गँग्लियात एकाच जागी आणि सारख्या नमुन्याची हालचाल दिसली.

नुसतं स्कॅनवर एकत्र दिसणं मला कधी पुरेसं वाटत नाही. एका इमारतीत राहणारे दोघे एकमेकांना ओळखतातच असं नाही. म्हणून त्या प्रयोगाचा पुढचा भाग महत्त्वाचा. सुमारे ३० मिनिटं चिमट्याचा सराव केलेल्या लोकांना ती अवघड वाक्यं आधीपेक्षा चांगली समजू लागली. तेच काम मोकळ्या हाताने करणाऱ्यांना हा फायदा मिळाला नाही. आणि उलट दिशेनेही घडलं: अवघड वाक्यरचनेचा सराव केलेल्यांचा चिमटा अधिक सफाईने चालू लागला. फरक हाताच्या हालचालीचा नव्हता, अवजाराचा होता. अवजार वापरताना मेंदूला ‘मी हात हलवतो’ या योजनेच्या आत ‘चिमट्याचं टोक हलतं’ ही दुसरी योजना बसवावी लागते, आणि पोटवाक्याच्या बांधणीतही असंच काहीसं करावं लागतं. सामाईक काम म्हणजे काय हे यातून नेमकं कळतं.

बेसल गँग्लिया इथे अचानक उपटलेली नाहीत. सवयीने, क्रमाने, न बोलता शिकण्याच्या गोष्टी, म्हणजे सायकल चालवणं, टंकलेखन, वाद्यावरची बोटं, यांत ती गुंतलेली असतात. मायकेल उल्मन यांच्या मांडणीनुसार व्याकरणाचा बराच भाग याच वाटेने शिकला जातो, तर शब्दसंग्रह वेगळ्या स्मृतीत साठतो. पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजारात हीच केंद्रं बिघडतात, आणि त्या रुग्णांना साधी वाक्यं समजली तरी गुंतागुंतीच्या वाक्यांत अडखळायला होतं, हे बराच काळ माहीत आहे.

पण आता कोणी चिमटे आणि खुंट्यांचे संच ‘भाषाविकासासाठी’ म्हणून विकायला निघालं तर मी विकत घेणार नाही. प्रयोगातले लोक प्रौढ, निरोगी, भाषा पक्की झालेले. फायदा सराव झाल्यावर लगेच मोजलेला. पाच वर्षांच्या मुलाला व्याकरण शिकवण्यापर्यंतची उडी यातून मारता येत नाही.

लयीचं मात्र वेगळं. तिथे मुलांवरचे प्रयोग आहेत आणि ते एकमेकांना पुष्टी देतात. बोलणं हा आवाजाचा सलग पट्टा असतो. लिहिताना आपण सोडतो तशा मोकळ्या जागा त्यात नसतात. मेंदू तो पट्टा अक्षरांच्या गतीने तोडतो. साध्या बोलण्यात आवाजाची चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होते, आणि श्रवणभागातल्या विद्युतलहरी त्या गतीशी स्वतःला जुळवून घेतात. उषा गोस्वामी यांचं म्हणणं असं की डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) असलेल्या अनेक मुलांना आवाज ‘चढतो’ तो क्षण नीट पकडता येत नाही, म्हणून जुळवणी सैल राहते आणि शब्दांतले ध्वनी धूसर राहतात. रेना गॉर्डन यांना सहा वर्षांच्या मुलांत असं दिसलं की ज्यांना दोन तालांतला फरक चांगला ओळखू येतो त्यांचं बोलण्यातलं व्याकरणही सरस असतं. हा नुसता सहसंबंध झाला. कोणामुळे कोण, ते त्यातून कळत नाही.

त्यापुढचं पाऊल फ्रान्समध्ये टाकलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाषाविकासात अडचण असलेल्या आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना आधी अर्धा मिनिट शब्द नसलेला ताल ऐकवला आणि मग काही वाक्यं ऐकवून ‘बरोबर की चूक’ विचारलं. ताल नियमित असला की मुलांना व्याकरणाच्या चुका जास्त चांगल्या सापडल्या; विस्कळीत तालानंतर कमी. २०१८ मध्ये असाच प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या, नेहमीसारखा भाषाविकास असलेल्या मुलांवर झाला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: नियमित तालाने व्याकरणाच्या कामात मदत झाली, गणितात किंवा आकृत्यांच्या कामात नाही. मुलं नुसती ताजीतवानी झाली असती तर सगळीकडेच सुधारली असती. फायदा तेवढ्या एका सांध्यातून गेला. माझ्या सत्रात मी भाषेच्या कामाआधी मिनिटभर ठोके देते ते यामुळे. खर्च शून्य, मूल खूश, आणि लक्ष जागेवर येतं. पण हा परिणाम त्या बैठकीपुरता आहे, कायमचा बदल नव्हे, हे पालकांना मी स्पष्ट सांगते.

लांब पल्ल्याच्या संगीतशिक्षणाचं काय? इथे प्रयोगाची बांधणी तपासायची सवय लावून घ्या. संगीत शिकणारी मुलं इतरांपेक्षा वाचनात पुढे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यांच्या घरी पुस्तकं जास्त असू शकतात, पालकांकडे वेळ जास्त असू शकतो. तुलना हवी ती चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची, आणि दुसऱ्या गटालाही तितकंच आकर्षक काहीतरी द्यायला हवं. सिल्वँ मोरेनो आणि मिरेई बेसाँ यांच्या गटाने २००९ मध्ये आठ वर्षांच्या ३२ मुलांत संगीत विरुद्ध चित्रकला अशी सहा महिने तुलना केली. संगीताच्या गटाला बोलण्यातले स्वरांचे बारीक चढउतार जास्त ओळखू येऊ लागले आणि वाचनही सुधारलं. इटलीत २०१५ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या ४६ मुलांत पुन्हा संगीत आणि चित्रकला यांची तुलना झाली. शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि वाचनात संगीताचा गट पुढे गेला.

बीजिंगमधला २०१८ चा प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. चार-पाच वर्षांची ७४ मुलं, सहा महिने, तीन गट: पियानो, जादा वाचन, आणि नेहमीचा बालवर्ग. पियानोच्या गटात सुरातल्या आणि बोलण्यातल्या उंच-नीचतेला मेंदूचा प्रतिसाद वाढला, आणि जवळच्या उच्चाराचे शब्द वेगळे ओळखण्यातही प्रगती झाली. बुद्ध्यांक, लक्ष, तात्पुरती स्मृती यांत मात्र तिन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे पियानोने ‘मेंदू तल्लख’ केला नाही, कानाची एक विशिष्ट धार वाढवली, आणि ती धार भाषेला लागते म्हणून भाषेला मिळाली. पटेल यांनी यासाठी काही अटी मांडल्या आहेत: संगीत आणि भाषा यांत मेंदूचा तोच भाग लागला पाहिजे, संगीताने त्या भागाकडून भाषेपेक्षा जास्त अचूकपणाची मागणी केली पाहिजे, आणि सरावात आनंद, पुनरावृत्ती आणि एकाग्रता हवी. गाडीत मागे बसून गाणी ऐकण्याने यातली एखादीच अट पुरी होते.

आता ज्या गोष्टींवर मी काट मारते त्यांच्याकडे वळते. यादीत पहिले जिभेचे व्यायाम.

मेणबत्ती विझवणं, नळीतून फुगे काढणं, जीभ नाकाला लावणं, गाल फुगवणं हे अजूनही सर्रास दिलं जातं. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ८५ टक्के वाचा उपचारतज्ज्ञ उच्चार सुधारण्यासाठी असे व्यायाम वापरत असल्याचं आढळलं. पुढच्याच वर्षी झालेल्या पुराव्यांच्या पद्धतशीर आढाव्यात त्यांनी उच्चार सुधारतात असं म्हणण्याइतका आधार सापडला नाही. कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. स्नायू तेच असले तरी फुंकर मारण्याचा कार्यक्रम वेगळा आणि ‘फ’ म्हणण्याचा वेगळा. सायकल मारून पायात बळ येईल, पण त्याने पोहणं येत नाही. शिवाय बोलायला जिभेची ताकद फार थोडी लागते. लागतो तो वेग, नेमकेपणा आणि श्वास-आवाजाशी ताळमेळ, आणि तो बोलूनच शिकला जातो. ज्या मुलाला ‘क’ येत नाही त्याला ‘क’ ऐकवायचा, त्याच्याकडून ‘क’ काढून घ्यायचा, मग अक्षरात, मग शब्दात. लाळ गळणं किंवा गिळण्याची अडचण असेल तर तोंडाच्या व्यायामांचा विचार स्वतंत्रपणे होतो. तो विषय वेगळा. विचारणाऱ्या आईच्या बाबतीत तर अडचण उच्चारांची नाहीच, वाक्य जोडण्याची आहे. जीभ कितीही लवचिक झाली तरी तिसऱ्या शब्दानंतर चौथा येणार नाही.

दुसरे, संगणकावरचे कार्यक्रम. १९९६ मध्ये पॉला ताल्लाल आणि मायकेल मर्झेनिक यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दोन निबंध छापले. कल्पना अशी की भाषेत मागे असलेल्या मुलांना झपाट्याने बदलणारे आवाज पकडता येत नाहीत. आधी शब्द नसलेल्या ध्वनींचा आणि ताणलेल्या उच्चारांचा सराव दिला, मग हळूहळू वेग वाढवला, की भाषा सुधारेल. सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते आणि ‘फास्ट फॉरवर्ड’ नावाने त्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. मग २००८ मध्ये रोनाल्ड गिलम यांच्या गटाने २१६ मुलांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. चार गट: हा कार्यक्रम, दुसरा संगणकीय भाषाकार्यक्रम, थेरपिस्टबरोबर समोरासमोर भाषेचं काम, आणि भाषेशी थेट संबंध नसलेले शैक्षणिक खेळ. चारही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. रोज भरपूर वेळ, मोठ्यांचं लक्ष, नेमून दिलेलं काम यांचा फायदा झाला असावा. त्या खास ध्वनींचा वेगळा फायदा दिसला नाही. २०११ च्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्षही तोच होता.

स्मरणशक्तीच्या खेळांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ८७ प्रकाशित अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळात आणि त्यासारख्या खेळांत तरबेज होतात. भाषेचं आकलन, वाचन, गणित यांत ती प्रगती उतरत नाही. यावर मी पालकांना पैसे खर्च करू देत नाही.

एक अपवादासारखी गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. इटलीत २०१३ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या २० मुलांपैकी निम्म्यांना वेगवान व्हिडिओ गेम एकूण १२ तास खेळायला दिले. त्यांच्या वाचनाचा वेग अचूकपणा न घटता वाढला. वाचताना नजर एका अक्षरगटावरून दुसऱ्यावर नेमकी हलावी लागते, आणि असे खेळ त्याच दृष्टिलक्षावर ताण देतात, म्हणून यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण हा वाचनाचा प्रश्न झाला, बोलण्याचा नव्हे, आणि २० मुलं म्हणजे फार थोडी. पाच वर्षांच्या मुलाला याच्या आधारे स्क्रीन देणं चुकीचं ठरेल.

आता वडिलांचा प्रश्न. पक्षाघातानंतरच्या वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडते तेव्हा, गाणं, अंक, वारांची नावं, प्रार्थना, शिव्यासुद्धा शाबूत राहणं अगदी नेहमीचं आहे. घरच्यांना वाटतं, शब्द येतायत म्हणजे भाषा आत आहे, फक्त दार अडकलंय. तसं नसतं. तोंडपाठ झालेल्या ओळी एकसंध पाठ असतात. त्यांत उजव्या गोलार्धाचा आणि बेसल गँग्लियांचा वाटा मोठा असतो, आणि डाव्या बाजूच्या जाळ्याला वाक्य नव्याने बांधावं लागत नाही. म्हणून गाण्यात ‘पाणी’ शब्द म्हणणाऱ्या माणसाला तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणता येत नाही.

तरीही हा दुवा वापरता येतो. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी ‘मेलोडिक इंटोनेशन थेरपी’ मांडली. रोजच्या उपयोगाचं छोटं वाक्य उंच आणि खालचा अशा दोनच स्वरांत गुणगुणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यायचा, आधी बरोबरीने म्हणायचं, मग थेरपिस्टने आवाज काढून घ्यायचा, शेवटी सूर काढून साधं बोलायचं. डावा हात यासाठी की उजवा बहुतेक वेळा लुळा असतो, आणि डाव्या हाताचं नियंत्रण उजव्या, म्हणजे शाबूत गोलार्धाकडे असतं. गॉटफ्रीड श्लाऊग यांनी २००९ मध्ये असा दीर्घ आणि सघन उपचार घेतलेल्या सहा रुग्णांच्या उजव्या गोलार्धात श्रवणभाग आणि वाचेच्या हालचालीचा भाग जोडणारे तंतू वाढल्याचं दाखवलं. मोठ्या वयाच्या, इजा झालेल्या मेंदूत हे घडतं, ही छोटी बाब नाही.

पण यात काम कोण करतं, सूर की ठोका? २०११ मध्ये बेन्यामिन श्टाल, सोन्या कोट्झ आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांत गाणं, ठोक्यावर बोलणं आणि ठोक्याविना बोलणं यांची तुलना केली. गाण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. ठोक्याचा दिसला, आणि ज्यांच्या बेसल गँग्लियांनाही इजा होती त्यांना ठोक्याची गरज जास्त होती. शब्द ओळखीचे आणि रोजच्या वापरातले असणं हेही तितकंच महत्त्वाचं निघालं. माझ्या कामात मला हे पटलेलं आहे: सुरात न गाणाऱ्या माणसांनाही ठोका मदत करतो, आणि ‘मला गाता येत नाही’ म्हणून उपचार नाकारणाऱ्यांना मी ठोक्यावरच नेते.

मर्यादाही ऐका. नेदरलँड्समधल्या चाचण्यांत पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दिलेल्या या उपचाराने रोजच्या संवादातही सुधारणा दिसली. वर्षाहून जुन्या वाचाघातात मात्र फायदा मुख्यतः सराव केलेल्या वाक्यांपुरता राहिला आणि टिकलाही कमी. समज बऱ्यापैकी शाबूत, बोलणं तुटक, उजवा गोलार्ध निरोगी, असा रुग्ण यासाठी योग्य. ओघाने अर्थहीन बोलणाऱ्याला याचा उपयोग नाही. नुसतं संगीत ऐकण्याचंही वेगळं स्थान आहे: हेलसिंकीत २००८ मध्ये ६० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सावरली, उदासीही कमी राहिली. वडिलांना गाऊ द्या, ऐकू द्या. पण त्यालाच उपचार समजू नका.

तर त्या आईला माझं सांगणं: आधी श्रवणचाचणी आणि भाषेची रीतसर तपासणी. पाच वर्षांच्या मुलाची वाक्यं दोन-तीन शब्दांत अडकली असतील तर वर्गाच्या शोधात महिने घालवू नका. तपासणीनंतर थेरपी सुरू झाली की तालवाद्याचा वर्ग जरूर लावा, मुलाला आवडत असेल तर. तो ऐकण्याची धार आणि लय देईल, वाक्य देणार नाही. वाक्य मिळतं ते त्याच्या दोन शब्दांना तुम्ही तिसरा जोडता तेव्हा: तो ‘बाबा गाडी’ म्हणाला की ‘बाबांनी गाडी धुतली’. जिभेचे व्यायाम आणि स्मरणशक्तीचं अ‍ॅप रद्द. कोणी काहीही सुचवलं तर एकच विचारा: सरावात नसलेल्या वाक्यांत फरक पडला का, हे तुम्ही कसं मोजता? मुलगा त्या खेळात पटाईत झाल्याचा तक्ता दाखवला, तर ते उत्तर नाही.

आणि त्या मुलीला: वडिलांचा पक्षाघात किती जुना आहे आणि समज किती शाबूत आहे यावर पुढचं ठरेल, म्हणून थेरपिस्टकडे लवकर जा. पहिल्या भेटीला जाताना दहा-बारा छोटी वाक्यं लिहून न्या, जी त्यांना दिवसभरात खरोखर लागतात: ‘पाठ दुखतेय’, ‘दिवा बंद कर’, ‘आत्ता नको’. ती तुम्ही एकटीने ठरवू नका. चित्रं किंवा वस्तू दाखवून त्यांच्याकडून होकार-नकार घेत निवडा. ‘आत्ता नको’ यादीत असायलाच हवं, कारण आजारी माणसाला सगळ्यात आधी तेच म्हणायचं असतं आणि घरचे ते वाक्य कधीच सुचवत नाहीत.